मुशीपासून पोलादाच्या दारापर्यंत

भिलाईचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उंच झोतभट्ट्या आणि रात्रीच्या आकाशावर पसरलेला तांबूस उजेड उभा राहतो. या गावाचा इतिहास सांगणारेही बहुधा तेथूनच आरंभ करतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले; त्याच वर्षी येथे पोलाद ओतले जाऊ लागले आणि १९६० मध्ये रूळ लाटण्याची गिरणी सुरू झाली. करारावर सह्या झाल्या तेव्हा भिलाई ज्या राज्यात होती त्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्याच्याही आधी, भोसल्यांच्या अमदानीत, छत्तीसगडचा कारभार नागपूरकडेच होता. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख कधीच अगदी परका वाटला नाही. हा सारा इतिहास दप्तरांत नोंदलेला आहे आणि ज्याला हवा त्याला तो वाचावयास मिळतो.

परंतु या इतिहासात एका वस्तूची दखल फारशी कोणी घेत नाही. ती वस्तू म्हणजे भाजलेली माती. पोलाद भट्टीतून बाहेर येते तेव्हा त्याचे तापमान सुमारे १६०० अंश सेल्सिअस असते. ते ज्या पात्रात घ्यावयाचे ते पात्र बाहेरून लोखंडी असले तरी आतून लोखंडाचे असून भागत नाही. कारण लोखंड स्वतःच १५३८ अंशांवर वितळते. तेव्हा या रसाला प्रत्यक्षात धरून ठेवते ती माती, म्हणजे निवडलेल्या खनिजांच्या उच्चतापसह विटा. कारखान्यातील लोक त्यांना ‘रिफ्रॅक्टरी’ म्हणतात. या विटांच्या एकाच गुणाविषयी आज मला बोलावयाचे आहे. त्यांचा पृष्ठभाग, त्या पृष्ठभागाची सफाई आणि ती साधण्यासाठी माणसाने तीन हजारांहून अधिक वर्षे केलेली खटपट, हा माझा विषय आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका निवृत्त कारागिरामुळे. मी इतिहासाचा विद्यार्थी. पोटापाण्यासाठी सरकारी नोकरीत शिरलो आणि बदलीच्या निमित्ताने छत्तीसगडात आलो. भिलाईच्या एका सेक्टरमध्ये या गृहस्थांचे घर आहे. ते मूळचे भंडारा जिल्ह्यातले. भट्ट्यांना आणि पोलादाच्या पात्रांना विटा लावण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यांच्या ओसरीवर एक काळी, दोन बोटे जाड फरशी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्या अंगात लिंबाएवढे गोल भोक होते. मी सहज विचारले, “काका, हा जात्याचा दगड का?” ते हसून म्हणाले, “जातंच म्हणा ना साहेब, पण पोलादाचं. डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा बघू. बोटाला जर काही लागलं, तर खाली उभा राहणाऱ्या माणसाची खैर नाही असं समजा.”

मी बोट फिरविले. काही लागले नाही. पण त्यांचे वाक्य मात्र लागले. एका कचेरीत खरेदीचे काम पाहत असताना निविदांच्या मसुद्यात ‘पृष्ठभाग सफाईदार असावा’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा लिहिले होते. सफाई म्हणजे शोभा, अशीच माझी समजूत होती. माणसाचा जीव तिच्यावर अवलंबून असू शकतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. त्यानंतर मी या गोष्टीचा माग काढू लागलो आणि तो माग मला कारखान्यातून थेट आपल्या कुंभारवाड्यात घेऊन गेला.

कुंभाराची अडचण आणि भट्टीच्या विटा करणाऱ्याची अडचण मुळात एकच आहे. अगदी बारीक, गाळलेल्या मातीचे भांडे सुबक होते, पण ते चुलीवर चढविले की तडकण्याचा संभव फार. भांड्याचा एक भाग तापून फुगतो, दुसरा थंडच राहतो. या ओढाताणीत एक चीर पडली की ती एकसंध मातीतून विनाअडथळा धावत जाते. म्हणून कुंभार मातीत वाळू, राख, लीद, कोंडा अशी भर घालतो. वाळूचा कण किंवा जळून गेलेल्या कोंड्याची पोकळी वाटेत आली की चीर तेथे अडते, वळते, दमते. भांडे ताव सोसते. पण याच भरीमुळे त्याचे अंग खरखरीत होते. बारीक माती गुळगुळीत पण नाजूक, जाड माती दणकट पण खडबडीत. या दोन गुणांचा संसार एकत्र कसा थाटावा, हा या सर्व इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाची फार जुनी साक्ष सापडते. प्रवरेच्या काठी, संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शांताराम देव यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेल्या मृद्भांड्यांवरून ताम्रपाषाणयुगातील एका संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नावच पडले. पुढे नेवासे, दायमाबाद आणि घोड नदीकाठचे इनामगाव येथेही ती भांडी मिळाली. इ. स. पूर्व १४०० ते १००० हा त्यांचा मुख्य काळ धरतात. ही भांडी बारीक मातीची, पातळ अंगाची, चांगली भाजलेली आहेत. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. त्यांच्यावर तांबडा लेप असून त्या लेपावर काळ्या रंगाची नक्षी आहे. पण त्याच वस्त्यांत जाड, भरड मातीची, हाताने घडविलेली मोठी भांडीही होती. कोणत्या कामाला कोणती माती, हा विवेक त्या कारागिरांना होता, असाच याचा अर्थ आहे. आणि लेप म्हणजे तरी काय? ज्या अंगावर सफाई हवी त्या अंगापुरती अतिशय बारीक माती पाण्यात कालवून चढवावयाची, ती अर्धवट सुकली की गोट्याने घोटावयाची. पोटात भरड आणि पाठीवर बारीक, हे त्या जुन्या प्रश्नाचे पहिले उत्तर होय.

दुसरे उत्तर सोनाराच्या आणि रसवैद्याच्या मुशीत सापडते. मूस म्हणजे धातू वितळविण्याचे मातीचे पात्र. तेराव्या शतकाच्या सुमाराचा ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात मुशींचे अनेक प्रकार दिले असून त्यांतील काहींच्या मातीत तागाचे तंतू, घोड्याची लीद, जाळलेला कोंडा आणि लोहकीट मिसळावयास सांगितले आहे. आजचे अभियंते ज्याला मातीच्या आधारातील तंतुमय संमिश्र म्हणतात, त्याचीच ही ओबडधोबड पण अचूक कल्पना आहे.

या कल्पनेची सर्वांत मोठी कसोटी आपल्या सरहद्दीला लागूनच झाली. नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम या गावी एके काळी वूट्झ नावाने जगभर गाजलेले पोलाद तयार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयसी या इंग्रज शास्त्रज्ञाने तेथील भट्ट्या पाहून त्यांचे वर्णन लिहिले. ते १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी या आडगावी येऊन राहत, असे त्याला आढळले. या पोलादाची कीर्ती सर्वांनी गायिली. मुशीची मात्र कोणी गायिली नाही. वास्तविक खरा चमत्कार त्या मुशीचा होता. ती माती आणि भाताचा कोंडा यांची केलेली असे. भाताच्या कोंड्यात मुळातच सिलिका पुष्कळ असते. भट्टीत कोंडा जळाला तरी त्याचा सिलिकेचा सांगाडा मागे उरे आणि राहिलेला कोळसा मुशीच्या अंगाला काळे करी.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधक थेल्मा लोव आणि त्यांचे सहकारी यांनी या मुशींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मातीच्या पोटात त्यांना म्युलाइट नावाच्या खनिजाच्या सूक्ष्म सुयांचे जाळे दिसले. हे खनिज आपल्याला अनोळखी नाही. भंडारा जिल्ह्यात कायनाइट सापडते, ते खूप भाजले की फुगते आणि त्याचेच म्युलाइट बनते. कोनासमुद्रमच्या मुशीत हे जाळे विस्तवानेच विणलेले होते. त्या संशोधकांनी या मुशीची गणना तंतूंनी बळकट केलेल्या सिरॅमिक संमिश्रांत केली. मुशीचे बाहेरचे अंग भट्टीच्या धगीने किंचित वितळून काचेसारखे होई आणि त्याची छिद्रे बुजून जात. म्हणजे येथे लेपही विस्तवानेच दिला. हे दुसरे उत्तर: आतले बळ आणि बाहेरची सफाई एकाच जाळातून निपजावी अशी माती आधीच कालवून ठेवावयाची.

तिसरी साक्ष छत्तीसगडातच मिळते. भिलाईच्या दक्षिणेस, बस्तरच्या कोंडागाव परिसरात, घडवा जमातीचे कारागीर मेणाचा साचा करून पितळेच्या मूर्ती ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून मूर्ती घडविली की तिच्यावर पहिला हात अगदी बारीक मातीचा दिला जातो. मेणावरची रेघ न् रेघ तो आपल्या अंगावर उमटवून घेतो. त्यावर मग कोंडा मिसळलेल्या भरड मातीचे जाड थर चढतात. ते धगीला टिकतात आणि त्यांच्या छिद्रांतून वाफ व हवा बाहेर पडते. पितळ ओतल्यावर मूर्तीवर जी सफाई दिसते, ती त्या पहिल्या हाताची असते. मूर्ती मागाहून कितीही घासली तरी पहिल्या हातातील चूक भरून निघत नाही.

आता पुन्हा भिलाईकडे वळू. भिलाईचे पहिले पोलाद उघड्या चुलीच्या भट्ट्यांत तयार झाले. तेथून ते लेडल नावाच्या प्रचंड पात्रात घेत आणि पात्राच्या तळाच्या भोकातून लोखंडी साच्यांत ओतीत. हे भोक उघडावयाचे आणि मिटावयाचे कसे? त्या काळी जगभर त्याला एकच उपाय होता. एका लोखंडी दांड्यावर भाजलेल्या मातीच्या नळ्या मण्यांसारख्या ओवीत, टोकाला मातीचीच घुंडी बसवीत आणि हा दांडा पोलादातून खाली सोडून घुंडीने भोक बंद ठेवीत. पात्राच्या बाहेर असलेल्या तरफेने दांडा उचलला की धार सुरू, दाबला की बंद. दिसावयास ही युक्ती सोपी. पण तो दांडा सारा वेळ १६०० अंशांच्या रसात बुडालेला असे. नळ्यांच्या सांध्यातील गारा निसटला, दांडा मऊ पडून वाकला, घुंडीचा टवका उडाला, की धार बंद होण्याचे नाव घेत नसे. अशा वेळी ओतणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. माणसांनी दूर पळावयाचे एवढेच. काका सांगत होते की, एका कारखान्यातील जुन्या मंडळींकडून त्यांनी पहिला धडा शिकला तो दांडा बसविण्याचा नव्हे, तर पळण्याची वाट मोकळी ठेवण्याचा.

भोक आतून न मिटता बाहेरून, तळाखाली दोन फरश्या एकमेकींवर सरकवून मिटावे, ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत १८८० च्या दशकातच तिचे पेटंट घेतले गेले होते. दोन्ही फरश्यांना एकेक भोक. भोकासमोर भोक आले की धार सुरू, फरशी सरकली की बंद. बाहेर असल्यामुळे हे दार पोलादात बुडत नाही आणि दुरून चालविता येते. कल्पनेत काहीच उणे नव्हते. तरीही ती प्रत्यक्षात रुळावयास १९६० चे दशक उजाडावे लागले. मधली पाऊणशे वर्षे कशासाठी गेली? दारासाठी नव्हे; दाराच्या पृष्ठभागासाठी गेली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वितळलेल्या पोलादाला पृष्ठताण मोठा असतो आणि ते अशा फरशीला सहसा भिजवीत नाही. कमळाच्या पानावर पाणी जसे गोळा होऊन राहते तसे ते अरुंद फटीच्या तोंडाशी थबकते. निसर्गाने दिलेली ही सवलत आहे, पण तिला मर्यादा आहे. पात्रात दोन-तीन मीटर उंचीचे पोलाद उभे असते आणि पोलाद पाण्याच्या सुमारे सातपट जड. एवढ्या दाबाखाली फट केसाहून पुष्कळ बारीक असेल तरच ही सवलत टिकते. फट त्याहून रुंद झाली की पोलाद तिच्यात पाते होऊन शिरते, तेथे गोठते आणि पुढच्या वेळी दार सरकले की फरशीचा पृष्ठभाग ओरबाडून काढते. ओरखडा खोल झाला की गळती सुरू होते. फट उलट दिशेनेही घात करते. भोकातून वेगाने वाहणारी धार फटीतून हवा आत ओढून घेते. त्या हवेने पोलादातील ॲल्युमिनियम जळून त्याचे कठीण कण बनतात. कण पोलादातच राहिले आणि त्या पोलादाचा रूळ झाला, तर पुढे कधीतरी चाकांच्या लाखो फेऱ्यांखाली त्या कणापासून चीर सुरू होऊ शकते. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा वाटा आजवर भिलाईने पुरविला आहे. तेव्हा आगगाडीत निर्धास्त झोपलेल्या उतारूचा आणि पोलादाच्या पात्राखालच्या त्या काळ्या फरशीचा संबंध दिसतो तितका दूरचा नाही.

भिलाईत १९८० च्या दशकात ऑक्सिजनने पोलाद शुद्ध करणारी पात्रे आणि अखंड ओतकाम यांचा विभाग उभा राहिला. अखंड ओतकामात धार दीर्घकाळ आणि हुकमी चालावी लागते, म्हणून सरकते दार ही तेथे निकडीची वस्तू आहे. आता ती फरशी कशी बनते ते पाहू. तिच्यात ॲल्युमिनाचे दाणे असतात. मोठे दाणे दोन-तीन मिलिमीटरचे, त्यांच्या फटींत बसणारे मधले, आणि त्यांच्याही फटींत पिठासारखे. मोठे दाणे चीर अडवितात, पीठ पोकळी भरते. त्यात ग्रॅफाइट किंवा काजळीच्या रूपाने कार्बन आणि थोडे सिलिकॉन घालून राळेने सारे बांधतात, प्रचंड दाबाच्या यंत्रात दाबतात आणि हवा लागू नये म्हणून कोळशाच्या भुकटीत पुरून भाजतात. भाजताना सिलिकॉन आणि कार्बन यांच्या संयोगाने फरशीच्या पोटात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म केस उगवतात. कोनासमुद्रमच्या मुशीतल्या सुयांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. नंतर फरशी निर्वात कोठीत ठेवून तिच्या छिद्रांत तापवलेले डांबर भरतात, पुन्हा भाजतात आणि सरतेशेवटी हिऱ्याच्या चाकावर तिचे तोंड घासून मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सपाट करतात.

पाहणाऱ्याला वाटते की सफाई येते ती या शेवटच्या चाकावर. येथेच फसगत होते. मोठा दाणा भोवतालच्या पिठाशी घट्ट बांधलेला नसेल, तर चाक त्याला कापत नाही, उपटते. आणि जेथून दाणा उपटला तेथे खड्डा राहतो. चाक बोथट असले किंवा घाईने जोर लावला, तर असे खड्डे अधिक पडतात. छिद्रे भरलेली नसतील तर कितीही घासले तरी रोज नवी छिद्रे उघडी पडतात. म्हणून जाणते लोक खडबडीत फरशीचा दोष प्रथम चाकात न पाहता मिश्रणात, दाबात आणि भाजणीत पाहतात. दाण्यांची प्रतवारी सुधारा, पीठ अधिक बारीक घ्या, राळ सर्वत्र सारखी लागेल असे मळा, डांबर पोटापर्यंत पोहोचवा. मग धारदार चाकाने, शेवटचे हात हलके ठेवून घासा, असा त्यांचा क्रम असतो.

सफाई मोजण्याच्या बाबतीतही अशीच एक फसगत आहे. १९३३ साली अमेरिकेत ॲबट आणि फायरस्टोन यांनी पृष्ठभागावरून सुई फिरवून त्याच्या चढउतारांचा आलेख काढण्याची पद्धत मांडली. १९४१ साली इंग्लंडमध्ये टॅलिसर्फ नावाचे यंत्र आले. तोपर्यंत ‘गुळगुळीत’ हा एक अभिप्राय होता. त्यानंतर तो एक आकडा झाला. पण हा आकडा बहुधा सरासरीचा असतो. बाकी सारे अंग आरशासारखे असून चार खोल खड्डे असले तर सरासरी फारशी बिघडत नाही. पोलाद मात्र त्या चार खड्ड्यांतूनच शिरते. धातूच्या तुकड्याला जो एक आकडा पुरतो तो या दाणेदार संमिश्राला पुरत नाही. येथे सपाटी वेगळी, सरासरी खडबडीतपणा वेगळा आणि सर्वांत खोल खड्डा वेगळा मोजावा लागतो. मी माझ्या मसुद्यांत जे ‘सफाईदार’ म्हणून लिहीत होतो, ते किती पोकळ होते हे मला येथे कळले. त्या शब्दाच्या आधाराने सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करता येते, पण ओतणाऱ्याला पळण्याची पाळी येणार की नाही हे ठरविता येत नाही.

या इतिहासाचे ताजे प्रकरण विमानाच्या इंजिनात लिहिले जात आहे. १९७५ च्या सुमारास जपानच्या तोहोकू विद्यापीठातील सेइशी याजिमा यांनी सिलिकॉन कार्बाइडचा लवचिक तंतू तयार केला. असे तंतू विणून त्यांच्यातील फटी सिलिकॉन कार्बाइडनेच भरल्या की जी वस्तू होते, ती पोलादाहून पुष्कळ हलकी आणि आग सोसण्यात धातूंपेक्षा सरस असते. २०१६ पासून प्रवासी वाहतुकीत आलेल्या ‘लीप’ इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे अशा संमिश्राचे असते. आपल्या देशातही ही इंजिने लावलेली विमाने रोज उडतात. पण विणीमुळे या वस्तूच्या अंगावर चटईसारखे उंचवटे राहतात आणि तापलेल्या वायूच्या प्रवाहाला ते अडथळा करतात. ते घासून काढावे तर तंतू कापले जातात. कापलेल्या टोकांतून प्राणवायू आणि वाफ आत शिरून तंतूंभोवतीचे नाजूक आवरण खाऊन टाकतात. म्हणजे येथे सफाईच जिवावर उठते.

अभियंत्यांनी यावर जी तोड काढली आहे ती आपल्याला आता ओळखीची वाटेल. वस्तू घडवितानाच विणीच्या वर तंतुविरहित, बारीक द्रव्याचा एक थर चढवावयाचा. घासणे होईल ते एवढ्या थरापुरतेच, तंतूला चाक लागू द्यावयाचे नाही. आणि त्यावर वाफेपासून बचाव करणारा आणखी एक लेप द्यावयाचा. पोटात भरड, पाठीवर बारीक. प्रवरेकाठच्या कुंभाराला ही कृती समजावून सांगितली असती तर त्याला द्रव्यांच्या नावांचे नवल वाटले असते, कृतीचे वाटले नसते.

मी असे सुचवीत नाही की आपल्या पूर्वजांना हे सारे शास्त्र ठाऊक होते. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही आणि त्या पूर्वजांच्या खऱ्या कर्तबगारीवरही अन्याय होईल. त्यांना म्युलाइट ठाऊक नव्हते, पृष्ठताण ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होते ते एवढेच की, विस्तवासमोर जाणारे अंग मागाहून सजवता येत नाही. ते माती मळतानाच ठरत असते. हे ज्ञान हाताहातांतून पुढे आले आणि ज्यांच्या हातांतून आले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. भिलाईच्या परिसरातच उच्चतापसह विटांचा एक सरकारी कारखाना आहे; तो चालविणारी भारत रिफ्रॅक्टरीज ही कंपनी २००९ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणात विलीन झाली, याची नोंद मिळते. पण तेथे आणि अशा इतर कारखान्यांत दाणे चाळणाऱ्या, मिश्रण मळणाऱ्या आणि हिऱ्याचे चाक हलक्या हाताने चालविणाऱ्या माणसांची नोंद इतिहासाच्या पुस्तकात शोधू गेल्यास सापडणार नाही.

निघताना काकांनी मला दुसरी एक फरशी दाखविली. ती वापरून काढून टाकलेली होती. भोकाच्या कडा झिजल्या होत्या, भोकापासून चिरा किरणांसारख्या बाहेर गेल्या होत्या, पण भोकाला लागून असलेला थोडा भाग सोडला तर तोंड अजून सपाट होते. “एवढ्या वेळा पोलाद गेलं हिच्यातून,” ते म्हणाले, “पण हिनं शेवटपर्यंत दार नीट लावलं.” मी तिच्यावरूनही बोट फिरविले, या वेळी डोळे उघडे ठेवून. हल्ली माझ्या टेबलावर एखादा मसुदा येतो आणि त्यात ‘पृष्ठभाग सफाईदार असावा’ हे वाक्य दिसते, तेव्हा मी तेथे थांबतो. कोणता पृष्ठभाग, कशासमोर जाणारा, त्यावर किती खोल खड्डा चालेल आणि त्याच्या खाली कोण उभा राहणार आहे, एवढे विचारल्याशिवाय मी त्या कागदावर सही करीत नाही.